गच्चीवरचा गज

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घराच्या गच्चीवर मीटरभर उंचीचा एक लोखंडी गज उभा आहे. वर मजला चढवायचा म्हणून बाबांनी सोडला होता. मजला काही चढला नाही. माझे विकन सण गेली सहा वर्षं या गजाच्या सावलीवर ठरतात.

विका हा इंग्लंडातला पेगन, म्हणजे निसर्गपूजक, पंथ. जादूटोण्याविरुद्धचा तिथला जुना कायदा १९५१ मध्ये रद्द झाला, त्यानंतर जेराल्ड गार्डनर या इंग्रज गृहस्थांनी हा पंथ उघडपणे लोकांपुढे मांडला. वर्षाचे सण आठ. त्यातले चार सूर्याचे, म्हणजे दोन संपात (दिवस-रात्र सारखे असतात ते) आणि दोन अयनदिन (सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस). उरलेले चार यांच्या मधले. शिवाय दर पौर्णिमेला पूजा, तिला एस्बाट म्हणतात.

पहिल्या वर्षी मी सगळं तिकडच्यासारखंच केलं. १ ऑगस्टला लूनासा, तिथला पहिल्या गव्हाचा सण, म्हणून पाव भाजला. बाहेर धो धो पाऊस, शेतात कपाशी आणि तूर उभी, आणि माझ्या हातात गव्हाचा पाव! फार परकं वाटलं. आपला गहू निघतो मार्चमध्ये. आता नव्या गव्हाची पोळी मी वसंतसंपाताला, ओस्टाराला करते आणि लूनासा सोडून देते. इम्बोल्क मात्र जसाच्या तसा ठेवला. १ फेब्रुवारी, तिथे मेंढ्यांना दूध उतरण्याचे दिवस. इथे त्याच सुमारास संत्र्याचा आंबिया बहार फुलतो. काटोलजवळ मामाच्या बगिच्यात पहाटे वाटीभर दूध घेऊन उभी राहते. त्या पांढऱ्या फुलांचा वास ज्यानं घेतला आहे, त्याला या सणाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

खरी अडचण दिशांची होती. विकन पूजेसाठी जे वर्तुळ आखतात, त्यात अग्नीची जागा दक्षिणेला असते. दक्षिणेला दिवा ठेवला तशी आजी भडकली. "धनतेरसचा यमदिवा सोडून तिकडे दिवा लावते का कोणी?" मी तेव्हा तिच्याशी वाद घातला. नंतर कळलं की इंग्लंडात दुपारचा सूर्य बाराही महिने दक्षिणेलाच असतो, ऊब तिकडून येते, म्हणून अग्नी तिकडे. ऑस्ट्रेलियातले अनेक विकन तो उत्तरेला ठेवतात. मग नागपूरचं काय?

ते गजानं सांगितलं. यूलला, म्हणजे २१-२२ डिसेंबरला, भर दुपारी गजाची सावली उत्तरेला जवळजवळ गजाएवढीच लांब पडते. दोन्ही संपातांना साधारण ३९ सेंटिमीटर, म्हणून ओस्टारा आणि माबॉन (शरदसंपाताचा सण) यांची गेरूची रेघ एकच. नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होताना, २६ मेच्या सुमारास, सावली गजाच्या बुडाशी जिरून जाते. त्यानंतर जुलैच्या मध्यापर्यंत भर दुपारी सूर्य आपल्या उत्तरेला असतो. वर्षातले साधारण सात आठवडे! म्हणून लिथाला, २१ जूनला, माझा दिवा उत्तरेला लागतो, एरवी दक्षिणेला. हे मला कोणी शिकवलं नाही, आणि याचा मला फार आनंद आहे.

चंद्रासाठी असं काही बदलावं लागलं नाही. लंडनला आणि महालात पौर्णिमेचा क्षण एकच. २०२६ मध्ये बेल्टेन या सणाच्या दिवशीच, १ मेला, बुद्धपौर्णिमा आली आणि ३१ मेला अधिक ज्येष्ठाची पौर्णिमा. तिकडे एका महिन्यातल्या दुसऱ्या पौर्णिमेला ब्लू मून म्हणतात, आपण अख्खा महिनाच अधिक धरतो. बारा चांद्रमास ३५४ दिवसांत संपतात, ती तूट दोघांनाही कुठेतरी भरून काढावीच लागते. अमावास्येला मी नुसती अंधारात बसते. "अवसेला काऊन बसून राहिली वं गच्चीवर?" हे आजी अजूनही विचारते.

एक शब्द मात्र मी घेतला नाही. तिकडच्या बायका स्वतःला अभिमानानं 'विच' म्हणवतात. त्याचं मराठी मी करणार नाही. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या जावेला, शेजाऱ्याचं वासरू मेलं म्हणून, 'करणी करते' असं ठरवून गावाबाहेर काढलं होतं. महाराष्ट्रात २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला तो अशाच प्रकारांमुळे. ज्या शब्दानं बाईला मारलं जातं, तो मी सणाच्या दिवशी हौसेनं कसा मिरवू?

यंदा लिथाला सकाळपासून ढग होते. सव्वाबाराला दोन-तीन मिनिटं ऊन पडलं. आजी गुडघे धरत वर आली होती. गजाची सावली दक्षिणेला, जेमतेम दोन बोटं.

"उलटी पडली वं," ती म्हणाली. मग खाली वाकून बराच वेळ पाहत राहिली. "अन् परत कधी फिरते?"

"जुलैच्या मध्यात पुन्हा डोक्यावर येईल. मग उत्तरेला."

"तवा त आभाळ राहीन, काही दिसणार नाही." मी गेरूची वाटी पुढे ओढली, तर तिनं माझा हात धरला. "गेरू धुऊन जाते पावसात. जा, खिळा आण. कोरून ठेव."