आडवं न पडता काढलेला फोटो

साताऱ्याजवळच्या कासच्या सड्यावर, म्हणजे कातळी पठारावर, काही ठिकाणी मातीचा थर बोटभरही नसतो. खाली जांभा कातळ, वर साचलेलं पाणी आणि त्यात सीतेची आसवं, गेंद, दवबिंदू यांची दाटी. यातली बरीचशी झाडं एकाच पावसाळ्यात उगवतात, फुलतात, बी धरतात आणि संपतात. बी धरायच्या आत त्यांच्यावर कुणी लोळलं, तर पुढच्या वर्षीचं बियाणंच गेलं. म्हणून सड्यावर काम करायचं असेल, तर कॅमेऱ्याची मागची स्क्रीन फिरती, म्हणजे आडवं न पडता वरूनच पाहता येईल अशी, आहे की नाही, याला मी लेन्सइतकंच महत्त्व देतो.

काम सप्टेंबरातलं. एका महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाला माहितीफलकांसाठी फोटो हवे होते. यादीत गवती दवबिंदू होती. कातळावरच्या मातीत नत्र कमी, ते ही वनस्पती कीटकांकडून मिळवते. बारीक उभी पानं, त्यांवर तांबूस केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. विभागातल्या मॅडमना ते थेंब उजेडात चमकताना हवे होते, वरून काढलेला फोटो नको होता. म्हणजे लेन्स जमिनीपासून चार बोटांवर आणि सूर्य समोर.

जागा दाखवायला वनसमितीच्या एक मावशी सोबत होत्या. पायवाटेपासून हातभर आत, कातळाच्या कडेला त्यांनी एक झाड दाखवलं. पानावर नुकतंच एक चिलट अडकलं होतं. त्याच्या अलीकडे तळहाताएवढा उघडा कातळ, बाकी सगळीकडे सीतेची आसवं. "हितं गुडघा टेकायचा न्हाई हां, सर," मावशींनी आधीच बजावलं.

गुडघाच टेकता येत नाही, तिथे पोटावर झोपणं दूरच. पूर्वी अशा वेळी व्ह्यूफाइंडरला, म्हणजे डोळा लावून पाहायच्या खिडकीला, वरून पाहता यावं म्हणून काटकोनी अँगल फाइंडर लावायचे, पण त्यातही डोकं कॅमेऱ्यापाशी न्यावं लागतं. माझ्याकडे फिरत्या स्क्रीनचा कॅनन ८०डी आणि बारीक गोष्टी जवळून टिपणारी १०० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स होती. पायवाटेवर उकिडवं बसून हात लांब केला आणि कॅमेरा त्या उघड्या कातळावर छोट्या बीन बॅगच्या (दाणे भरलेल्या पिशवीच्या) आधारानं उभा ठेवला. झाड उंच आणि बारीक, म्हणून फ्रेम उभीच हवी होती. ग्रिपची, म्हणजे हातात धरायची, बाजू खाली, स्क्रीनची बिजागरी वर. मग स्क्रीन अर्धी उघडून उलटी फिरवली की ती कॅमेऱ्याच्या मागे आडवी राहते आणि तिचं तोंड आभाळाकडे होतं. बसल्या जागेवरून सगळं दिसायला लागलं.

नुसत्या वर-खाली झुकणाऱ्या स्क्रीनचा इथे उपयोग झाला नसता. कॅमेरा उभा धरला की तिचं झुकणं बाजूला जातं. अर्थात फुजीच्या एक्स-टी२ सारख्या काही कॅमेऱ्यांची स्क्रीन उभ्या फ्रेमसाठीही झुकते. बाजूला उघडणारी स्क्रीन लेन्सच्या रेषेतून सरकते, त्यामुळे पळतं काही टिपताना नेम चुकतो, ही तक्रार खरी आहे. पण झाड कुठे पळत नाही.

शटरचं बटण ग्रिपबरोबर खाली कातळाकडे गेलं होतं, त्यामुळे सगळं काम स्क्रीनवरच्या स्पर्शावर. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे स्क्रीनवर पाहून फोटो काढताना, कॅमेऱ्यातला आरसा आधीच वर असतो, म्हणून त्याचा हादरा नाही. दोन सेकंदांचा टायमर लावला. अडचण एकच, स्क्रीनवर आभाळाचं प्रतिबिंब. मावशींनी न सांगता छत्री उघडली आणि झाडावर सावली पडू न देता नेमकी स्क्रीनवर धरली. मी चित्र दहापट मोठं केलं. चिलटाचा पाय एका थेंबात रुतलेला आणि थेंबापासून पायापर्यंत ताणलेली चिकट तार. "आगं बया, हलतोय की पाय त्येचा अजून!" मावशी म्हणाल्या. रोज त्या झाडाशेजारून जाणाऱ्या बाईनं ते पहिल्यांदा पाहिलं, आणि व्ह्यूफाइंडरला डोळा लावला असता तर ते मला एकट्यालाच दिसलं असतं. वारा थांबेपर्यंत वाट पाहिली, स्क्रीनवर बोट टेकवलं, फोटो मिळाला.

फिरती स्क्रीन म्हणजे हौशी लोकांची सोय आणि बिजागरी म्हणजे नाजूकपणा, असं बरीच वर्षं ऐकत आलो. कॅननने २०१० साली ६०डीला फिरती स्क्रीन दिली, पण महागड्या ५डी मालिकेत २०१६ च्या मार्क फोरपर्यंत ती आलीच नाही. २०२० च्या आर५ ला मात्र मिळाली. मधल्या काळात महागडे कॅमेरे घेऊन चिखलात आडवे पडणारे किती तरी चांगले फोटोग्राफर मी पाहिले, आणि त्यांच्या कोपरांखालची फुलंही.

परतताना एक मुलगा गेंदांत पालथा पडलेला दिसला. मावशींनी त्याला उठवलं. त्याच्या कॅमेऱ्याची स्क्रीन फिरती होती, पण विकत घेतल्यापासून त्यानं ती उघडलीच नव्हती. मी ती उघडून, फिरवून दिली आणि उभ्या फ्रेमसाठी ग्रिप खाली कशी घ्यायची ते दाखवलं. पुढचा फोटो त्यानं पायवाटेवर उकिडवं बसूनच काढला.