डावं हँडल, उजवं हँडल

दुकानात सायकल आली की मी आधी सायकल बघतो, मग गिऱ्हाइकाचं ऐकतो. गिऱ्हाईक ठरलेलं सांगतं, गाडीवाल्याची चूक. सायकलला तसली काही भानगड नसते. कुठे लागलं, कसं लागलं, ती सगळं सांगते.

परळला आमचं दुकान आहे. गिरण्यांचा संप फिसकटल्यावर वडिलांनी टाकलं, आता मी बसतो. डबेवाल्यांच्या, दूधवाल्यांच्या काळ्या दांडीच्या सायकली आणि समोरच्या टॉवरमधल्या लोकांच्या लाखालाखाच्या सायकली, दोन्ही माझ्याकडे येतात. इतक्या वर्षांत वाकलेलं लोखंड वाचायला शिकलोय.

डावीकडचा ब्रेक लिव्हर मागे दुमडलाय, डावी ग्रिप फाटलीये आणि पेडल मात्र उजवीकडचं घासलंय, असं दिसलं की समजायचं, फुटपाथला लागलेल्या गाडीचं ड्रायव्हरकडचं दार. सायकलवाला डाव्या अंगाने आदळला आणि उजवीकडे पडला. उजवीकडे पडला म्हणजे चालत्या ट्रॅफिकमध्ये पडला. मागून बेस्टची बस येत नव्हती म्हणून तो माझ्यासमोर उभा असतो.

उजवीकडचं सगळं मोडलेलं असेल तर टॅक्सी. सिग्नलला टॅक्सी अडकते, पॅसेंजर घड्याळ बघतो, इथून चालतच गेलेलं बरं म्हणतो, पैसे टेकवतो आणि डावीकडचं दार ढकलतो. टॅक्सी आणि फुटपाथच्या मधल्या फटीतून येणारा सायकलवाला त्या दारात. हा डावीकडे पडतो, फुटपाथच्या कडेवर. गुडघा फुटतो, पण बहुतेक वेळा तेवढ्यावर निभावतं.

पुढच्या रिमचा आठ झालाय आणि बाकी सगळं धड आहे, तर गटाराची जाळी. जाळीच्या पट्ट्या रस्त्याला समांतर बसवल्या की चाक सरळ आत जातं. रेसिंग सायकलचं टायर २५-२८ मिलिमीटरचं असतं, त्याला तर जाळीही लागत नाही. सिमेंटचा रस्ता संपून कडेचे पेव्हर ब्लॉक सुरू होतात तिथला दोन बोटांचा उंचवटा पुरतो. मागून जोरात ठोकर बसलेली सायकल माझ्याकडे क्वचितच येते. ती पोलीस ठाण्याच्या आवारात गंजत पडलेली असते.

मध्यंतरी संध्याकाळी एक कॉलेजचा मुलगा आणि एक काकू भांडत भांडतच दुकानात शिरले. मुलाच्या हातात सायकल, काकूंच्या हातात पर्स. सायकलचा उजवा लिव्हर लोंबत होता, त्यामुळे मला विचारायचं काही उरलंच नव्हतं.

"मी दार उघडलं तेव्हा मागे कुणीसुद्धा नव्हतं," काकू.

"मग मी काय आभाळातून पडलो?"

"अरे पण एवढ्याशा फटीतून घुसायचंच कशाला? गाड्या थांबल्यात ना, मग थांबायचं मागे."

"काकू, गाड्यांच्या मागे थांबायचं तर सायकल घेतली कशाला?"

बाकावर एक डबेवाले मामा बसले होते. त्यांच्या मागच्या चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढत होतो. त्यांनी दोघांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शेट, त्यांचं चालूं द्या, तुम्ही माझं चाक बघा. गाडी चुकंल."

माझं मत विचाराल तर सिग्नलला उभ्या टॅक्सीच्या डावीकडून जोरात जायचं नाही, हे त्या मुलाला कळायला हवं होतं. त्या फटीत माणसाच्या चालीने जावं, बोटं ब्रेकवर ठेवावीत. पण दार उघडणाऱ्याने मागे बघायचं, याला पर्याय नाही. दार काकूंच्या हातात होतं. मी काकूंना स्टुलावर बसवलं आणि डावीकडच्या कपाटाचं दार उघडायला सांगितलं. त्यांनी डाव्या हाताने उघडलं, नजर समोर. मग म्हटलं, आता उजव्या हाताने उघडा. उजवा हात डावीकडे न्यायचा तर खांदा वळतो, मान वळते, आणि मागचा रस्ता आपोआप नजरेत येतो. ड्रायव्हरने उलटं करायचं, त्याचं दार उजवीकडे, म्हणून हात डावा. नेदरलँड्समध्ये गाडी शिकवतानाच ही सवय लावतात. काकूंनी दोन-तीनदा करून बघितलं आणि म्हणाल्या, "हे मला आजपर्यंत कुणी सांगितलंच नाही." खरंच आहे. आपल्याकडे कोण सांगतो? टॅक्सीत बसणाऱ्याला कुठे लायसन्स लागतं? लिव्हरचे पैसे कुणी द्यायचे यावर नंतर आणखी अर्धा तास गेला, ते सोडा.

त्या मामांवर गाडीवाल्यांचा राग असतो. म्हणे हे लोक रस्त्याच्या मधून सायकल हाकतात, हॉर्न दिला तरी सरकत नाहीत. अहो, सरकणार कुठे? हँडलला दोन्हीकडे डब्यांच्या पिशव्या, कॅरिअरवर डब्यांची चळत. सायकल आधीच माणसापेक्षा रुंद झालेली. कडेला गेलं की डावी पिशवी उभ्या गाडीच्या आरशाला लागणार, नाहीतर दार उघडणार. जाळी आहेच. एवढं वजन घेऊन कचकन ब्रेक मारला तर सायकल थांबते, डबे थांबत नाहीत. म्हणून ते कडेपासून दीड हात सोडून, एका चालीने जातात. मागच्या गाडीवाल्याला तो माज वाटतो. काचेच्या आतून जाळी दिसत नाही, उघडणारं दारही दिसत नाही, दिसतं फक्त आडवं आलेलं डबेवाल्याचं बूड.

मग पुढचं वाक्य ठरलेलं: आम्ही रोड टॅक्स भरतो. हे वाक्य मी काउंटरवर इतक्यांदा ऐकलंय की माझा हिशेब पाठ आहे. गाडीचा टॅक्स आरटीओत भरतात, तो राज्य सरकारकडे जातो. परळचे रस्ते करते महापालिका. तिला मालमत्ता कर मिळतो, आणि १ जुलै २०१७ ला जकात बंद झाल्यापासून तिच्या बदल्यात सरकारकडून भरपाई मिळते. ती भरपाई जीएसटी आल्यामुळे, आणि जीएसटी मामाही भरतात. सायकलवर तो १२ टक्के होता, सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला. म्हणजे रस्त्याच्या पैशात मामांचा वाटा आहे. तसा तो कोस्टल रोडमध्येही आहे, कारण कोस्टल रोड महापालिकेनेच बांधला. त्यावर गाड्या धावतात तिथे मोटरसायकललाही मनाई आहे, सायकल तर लांबच. २००९ चा वांद्रे-वरळी सी लिंक तसाच, २०१३ चा ईस्टर्न फ्रीवे तसाच, २०२४ चा अटल सेतूही तसाच. गाडीवाल्यांना वेगळे रस्ते आधीच मिळालेत. खाली उरलेल्या रस्त्यावर सगळे एकत्र, आणि तिथेही कडेची पट्टी त्यांच्याच उभ्या गाड्यांनी धरलेली. प्रभादेवीचा पूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडायला बंद झाला, आणि करी रोडकडे, टिळक पुलाकडे गाड्या वळल्या, तेव्हापासून तर उरलेली जागाही आकसली.

आता सायकलवाल्यांचं. दुकानाला नुकसान होईल, तरी बोलतो.

महागडी सायकल घेणारा पहिलं काम काय सांगतो? घंटी काढा, रिफ्लेक्टर काढा, वजन कमी करा. एवढीशी घंटी काढायची आणि पहाटे अंधारात काळे कपडे घालून चौघांनी हायवेवर शेजारी शेजारी, गप्पा मारत जायचं. कानात इअरफोन. वडील सांगायचे, त्यांच्या वेळी रात्री दिव्याशिवाय सायकल दिसली की हवालदार चाकातली हवा सोडायचा. आता चारशे-पाचशे रुपयांत चार्जिंगचा लाल दिवा मिळतो, तो घ्या म्हटलं की "मी रात्री चालवत नाही" म्हणतात. पावसाळ्यात दुपारी चारला आभाळ भरून येतं तेव्हा काय करता?

आणि राँग साइड. याच्यावर मी कुणाचंही ऐकून घेत नाही. दुभाजकामुळे लांब वळसा पडतो, मान्य. पण समोरून येणाऱ्या गाडीचा वेग आणि तुमचा वेग एकत्र होतो, आणि वळणारा ड्रायव्हर तुमच्या बाजूला बघतच नसतो, कारण तिथून काही यायला नको. बॅटरीच्या सायकलींवरची डिलिव्हरीची पोरं हे सर्रास करतात. २५ किलोमीटरच्या वेगापर्यंतच्या त्या गाड्यांना नंबर नाही, लायसन्स नाही. त्यांच्यावरचा सगळा राग मग पेडल मारणाऱ्याच्या नावावर जमा होतो. पोरांना ऑर्डर वेळेत पोहोचवायची असते हे मला कळतं, पण गाडीच्या बॉनेटला ते कळत नाही.

तरी दोघांच्या चुका सारख्या, हे मात्र मी म्हणणार नाही. सायकलवाल्याची चूक झाली तर बहुधा तोच माझ्या बाकावर येऊन बसतो. गाडीवाल्याची चूक झाली तरीही तोच येऊन बसतो.

सायकलवाल्यांसाठी मुंबईने काही केलंच नाही असंही नाही. बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, २०११ च्या सुमारास सायकल ट्रॅक केले होते. बाइक आणि गाड्या त्यावर उभ्या राहिल्या, आणि २०२५ मध्ये ते काढून गाड्यांची लेन वाढवायचं ठरलं. कारण काय, तर ट्रॅकवर सायकली दिसत नाहीत. दिसणार कशा? तो कुठून सुरू होतो आणि कुठे नेतो? परळहून बीकेसीत पोहोचेपर्यंत सायकलवाल्याने काय करायचं, याचा विचार त्यात नव्हताच. मार्च २०२२ मध्ये पोलिसांनी रविवारी सकाळी काही रस्ते गाड्यांना बंद केले होते, तेव्हा माझ्याकडे लहान मुलांच्या सायकली दुरुस्तीला रांगेने आल्या. धंदा झाला, मजा आली. पण मामा रविवारी डबे पोहोचवत नाहीत.

टॉवरमधले एक साहेब आहेत. रविवारी सायकल, बाकी दिवस गाडी. गाड्या घरात दोन, पार्किंग एक, म्हणून दुसरी माझ्या दुकानासमोर फुटपाथला लागलेली असते. एकदा सायकल घ्यायला आले तेव्हा तावातावाने सांगत होते, शहराला सायकल लेनची किती गरज आहे. मी म्हटलं, "साहेब, लेन आहे की. तुमची गाडी उभी आहे तिच्यात." जरा हसले. मग म्हणाले, "अहो, मग गाडी लावू कुठे?"

मी म्हटलं, तुमच्या गाडीला जागा शोधणं हे माझं काम नाही. त्यांना ते लागलं असावं, कारण पुढचा रविवार आले नाहीत. नंतर पुन्हा यायला लागले. गाडी अजून तिथेच लागते. चेन साफ करायला दिली की आधी मी त्यांना डिस्काउंट द्यायचो, तो मात्र बंद केलाय.