तिकीट काढून झाल्यावर

विमानाचे तिकीट काढून झाल्यावर त्याच विमानाचे भाडे पुन्हा कधीही न पाहणाऱ्या माणसांविषयी मला आदर वाटतो, आणि थोडा संशयही येतो. पैसे खात्यातून गेले, पीएनआर हाती आला, घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर "झालं तिकीट" असे कळवून झाले, म्हणजे व्यवहार तिथे संपायला हवा. पण दिवाळीला पुण्याहून नागपूरला जाण्याचे तिकीट काढलेला माणूस पुढचे कित्येक दिवस रोज रात्री फोन उघडतो आणि तोच मार्ग, तीच तारीख, तेच विमान शोधून पाहतो. त्याला काहीही विकत घ्यायचे नसते. भाडे चढलेले दिसले की तो समोर जो कोणी असेल त्याला ऐकवतो, "बघ, आता साडेनऊ झालंय." आपण सात हजारांना काढले, हे त्यात न बोलताच आलेले असते. भाडे उतरलेले दिसले, तर मात्र तो कोणाला काही न सांगता दिवा मालवून झोपायला जातो.

चढले तर आपली दूरदृष्टी आणि उतरले तर कंपनीची लबाडी, असा हा हिशेब आहे. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली मांडले, की जितक्या रकमेच्या लाभाने माणसाला आनंद होतो, त्याहून पुष्कळ अधिक दुःख तितक्याच रकमेच्या तोट्याने होते. ते खरेच आहे. पण उतरलेल्या भाड्याचे दुःख तेवढ्याने पुरते उलगडत नाही, कारण इथे तोटा झाला आहे कुठे? सात हजार रुपये देताना ते आपल्याला रास्त वाटले होते, किंवा निदान परवडले होते. ठरलेली वस्तू ठरलेल्या दिवशी मिळणारच आहे. कोणीतरी तीच वस्तू नंतर पाच हजारांना घेतली, एवढीच काय ती नवी घटना, आणि तो कोणीतरी आपल्या ओळखीचाही नाही.

मला वाटते, या दुःखाचे मूळ असे आहे, की विमानाच्या तिकिटात पैसे आज जातात आणि माल दोन महिन्यांनी मिळतो. दिवाळीआधी घेतलेली पैठणी दिवाळीनंतर त्याच दुकानात सवलतीत लागलेली दिसली, तर चुटपुट लागते खरी. पण तोवर ती नेसून झालेली असते, चार जणींनी पदर हातात घेऊन पाहिलेला असतो. तिकिटाचे तसे नाही. आपल्या हाती सहा अक्षरांचा एक संकेत असतो आणि खुर्ची अजून दुकानातच असते. वस्तू दुकानदाराकडेच आहे तोवर घासाघीस संपलेली नाही, असे आपले मन धरून चालते. कंपनीच्या लेखी मात्र पैसे जमा झाले त्याच क्षणी ती संपलेली असते.

पूर्वी या यातनेला वावच नव्हता. आपल्याकडे १९५३ साली विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि पुढची चार दशके देशातल्या प्रवासाचे भाडे म्हणजे एक ठरलेला, छापलेला आकडा होता. तो भारी असे, पण शेजारच्या खुर्चीतल्या माणसानेही तोच भरलेला असे. राष्ट्रीयीकरणाचा तो कायदा १९९४ साली रद्द झाला, खासगी कंपन्या आल्या, २००३ साली एअर डेक्कनने स्वस्त विमानसेवा सुरू केली आणि एक रुपयाच्या तिकिटांची जाहिरात ज्यांनी कधी विमानतळ पाहिला नव्हता त्यांच्याही तोंडी झाली. अमेरिकेत हे आधीच घडून गेले होते. तिथे १९७८पर्यंत भाडी सरकारी मंडळ ठरवीत असे. ते बंधन सुटल्यावर पीपल एक्स्प्रेस नावाची स्वस्त कंपनी उभी राहिली, आणि १९८५ साली अमेरिकन एअरलाइन्सच्या रॉबर्ट क्रँडल यांनी तिला असे उत्तर दिले, की विमानातल्या काही खुर्च्या तिच्याइतक्याच स्वस्त विकायच्या, पण आगाऊ तिकीट काढणाऱ्यालाच. बाकीच्या खुर्च्या घाईने येणाऱ्या व्यापाऱ्या-अधिकाऱ्यांसाठी महाग ठेवायच्या. दोनेक वर्षांत पीपल एक्स्प्रेस दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. एकाच विमानात एकाच जातीच्या खुर्च्यांना अनेक भाडी असणे, ही तेव्हापासून जगाची रीत झाली.

या रीतीमागचे गणित त्याआधीच, १९७२ साली, ब्रिटनच्या बीओएसी या विमान कंपनीतील केन लिटलवुड यांनी मांडले होते, आणि ते कोणत्याही व्यापाऱ्याला चटकन पटेल असे आहे. समजा, पाच हजार देणारे गिऱ्हाईक आत्ता दारात उभे आहे. खुर्ची त्याला द्यावी, की शेवटच्या दोन दिवसांत दहा हजार मोजणारा कोणी येईल म्हणून राखून ठेवावी? तो येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असेल तर राखावी, कमी असेल तर देऊन टाकावी. विमानातल्या जागा अशा हिशेबाने भाड्याच्या वेगवेगळ्या खणांत वाटलेल्या असतात. स्वस्त खण संपला किंवा बंद केला की पुढचा उघडतो, आणि आपण म्हणतो, भाडे चढले. पण उड्डाणाची तारीख जवळ येत चालली आणि अपेक्षेइतकी तिकिटे खपली नाहीत, की शक्यतेचा आकडा खाली येतो आणि बंद केलेला स्वस्त खण पुन्हा उघडला जातो. विमान उडाल्यावर रिकाम्या खुर्चीचे मोल शून्य होते.

कधीकधी कारण याहूनही साधे असते. सहल कंपन्या मोठ्या गटांसाठी जागा आधीच अडवून ठेवतात, आणि गट पुरा भरला नाही की ठरलेल्या मुदतीपर्यंत उरलेल्या जागा विमान कंपनीला परत करतात. मे महिन्यात श्रीनगरला जाणाऱ्या विमानात मराठी सहलींचे असे किती गट बसतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला कळेल, की आपले भाडे एका रात्रीत उतरले त्यामागे डोंबिवलीच्या किंवा कोथरूडच्या काही कुटुंबांनी या वर्षी काश्मीर नको म्हणणे, एवढेच असू शकते. कधी दुसरी कंपनी त्याच मार्गावर एक विमान वाढवते, मग पहिलीलाही भाडे उतरवावे लागते.

म्हणजे भाडे उतरते तेव्हा चुकलेला असतो तो कंपनीचा अंदाज. इतके लोक येतील असे तिला वाटले होते आणि ते आले नाहीत. गंमत अशी, की खजील मात्र आपण होतो. एवढी संगणकयंत्रणा आणि इतक्या वर्षांच्या नोंदी पदरी असून ज्यांना दिवाळीतल्या नागपूरच्या गर्दीचा अंदाज आला नाही, ते निर्विकारपणे नवा आकडा लावून मोकळे होतात, आणि रात्री जेवण झाल्यावर खाटेवर बसून अंदाज बांधणारा माणूस स्वतःला व्यवहारशून्य म्हणवून घेतो.

उतरलेले प्रत्येक भाडे खरोखर उतरलेलेच असते, असेही नाही. घरच्या चौघांसाठी एकदम शोध घेतला आणि स्वस्त खणात तीनच जागा उरल्या असल्या, तर यंत्रणा साधारणपणे चौघांनाही पुढच्या महाग खणातले भाडे दाखवते. तिकिटे निघाल्यावर रात्री गृहस्थ सहज पाहायचे म्हणून एकाच माणसाचे भाडे पाहतात, ते अर्थातच कमी दिसते, आणि घरात विनाकारण सुतक पसरते. भाडे कमी झालेले नसते; प्रश्न बदललेला असतो. अशा कारणांपेक्षा लोकांना तोडग्यांवर अधिक विश्वास आहे. मंगळवारी काढावे, मध्यरात्री काढावे, ब्राउझरची खासगी खिडकी उघडून काढावे, म्हणजे संकेतस्थळाला आपली गरज ओळखता येत नाही, असे सांगणारे उच्चशिक्षित लोक मी पुष्कळ पाहिले आहेत. कोणत्या खणात किती जागा शिल्लक आहेत याच्याशी भाड्याचा संबंध, आणि खासगी खिडकी उघडल्याने खण भरतही नाही आणि रिताही होत नाही. पण मंगळवारचा उपवास करणाऱ्यांच्या देशात मंगळवारच्या तिकिटाला नावे कोणी ठेवावीत?

मग तिकीट रद्द करून नवे काढावे, असे कोणीतरी सुचवतेच, आणि मग कागद-पेन्सिल बाहेर येते. देशातल्या देशात तिकीट रद्द करण्याचे शुल्क बहुधा तीन-चार हजारांच्या घरात असते आणि कन्व्हिनियन्स फी परत मिळत नाही. त्यामुळे भाडे दोन हजारांनी उतरले तर ते दोन हजार आपल्याला दिसतात, मिळत नाहीत. रद्द करण्याचे शुल्क मूळ भाडे आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेहून जास्त घेता येत नाही, आणि ज्या तिकिटाचा परतावाच नाही त्याचेही विमानतळाचे शुल्क व कर परत द्यावे लागतात, असा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे. पण ती रक्कम मागायची असते, हेच पुष्कळांना ठाऊक नसते. अमेरिकेत उड्डाणाला सात दिवस किंवा अधिक अवकाश असताना काढलेले तिकीट २४ तासांत रद्द केले, तर पूर्ण पैसे परत मिळतात; शिवाय २०२० साली तिथल्या मोठ्या कंपन्यांनी बहुतेक तिकिटांवरचे बदलशुल्कच काढून टाकले. त्यामुळे न्यू जर्सीतला भाचा भाडे उतरले की हसत तेच तिकीट बदलून घेतो आणि फरकाची रक्कम त्याच कंपनीकडे पुढच्या प्रवासासाठी जमा करून ठेवतो. म्हणजे इथे ज्या बातमीने आपली झोप जाते, तीच त्याच्याकडे कमाईची गोष्ट होते. अर्थात, ती जमा ठरावीक मुदतीत वापरावी लागते, म्हणून तो पुन्हा कुठेतरी जातो, आणि कंपनीचेही काही बिघडत नाही.

रेल्वेने या बाबतीत माणसाच्या मनाचा जास्त विचार केला आहे, असे म्हणावे लागेल. २०१६ साली राजधानी, शताब्दी आणि दुरांतो गाड्यांना बदलते भाडे लागू झाले, तेव्हा दर दहा टक्के जागा विकल्या गेल्या की भाडे दहा टक्क्यांनी वाढायचे आणि दीडपटीला थांबायचे, असे ठरले. भाडे नुसते वाढायचे, त्यामुळे आधी काढणाऱ्याने मान खाली घालावी असे काही त्यात नाही. एसटीचे भाडे तर फलकावर लिहिलेले असते. ट्रॅव्हल्सवाल्यांनी एसटीच्या दीडपटीहून जास्त घेऊ नये असा नियम आहे, पण दिवाळीत पुणे-नागपूर ट्रॅव्हल्सचा दर विचारून आलेल्या माणसाला विमानच स्वस्त वाटू लागते, हा भाग वेगळा.

खरी परीक्षा नागपूरला पोचल्यावर असते. "प्रवास कसा झाला?" या प्रश्नाचे उत्तर कोणी नीट ऐकत नाही, कारण त्याच्या मागोमाग "कितीला पडलं?" हा खरा प्रश्न तयार असतो. एकाच विमानातून आलेले दोन जावई एकाच दिवाणावर बसलेले असतात आणि दोघांचे आकडे वेगळे असतात. ज्याचे भाडे जास्त, तो "सहा-सात असेल, नक्की आठवत नाही" असे म्हणतो, किंवा तिकीट ऑफिसनेच काढले होते असे सांगून सुटतो. ज्याचे भाडे कमी, त्याला मात्र आकडा रुपया-पैशासकट पाठ असतो, "चार हजार तीनशे बारा" असे तो सासरेबुवांकडे पाहून सांगतो, आणि सासरेबुवा मान डोलावतात. त्यात खुर्ची निवडण्याचे पैसे, फराळाच्या डब्यांमुळे वाढलेल्या वजनाचे पैसे आणि पहाटे तीनला लोहगाव विमानतळ गाठायला केलेल्या टॅक्सीचे पैसे धरलेत का, असे जावईबापूंना विचारण्याची पद्धत नाही.