मागचा कोपरा झाडू नका
पुण्यात सहकारनगरला तळजाई टेकडीच्या पायथ्याशी राहतो आम्ही, जुना बंगला, मागे छोटंसं अंगण, त्यात आंबा, शेवगा, कढीपत्ता. टेकडी जवळ असल्यामुळे मुंगूस येतं, खारी तर घरच्याच झाल्यात आणि आंबे पिकले की रात्री उदमांजर. लोक विचारतात यांच्यासाठी काय काय केलंस, तर खरं सांगू, काही करण्यापेक्षा काही गोष्टी न करणंच महत्त्वाचं आहे.

मागच्या कंपाउंडलगत पालापाचोळा, वाळक्या फांद्या, फुटकी कौलं तशीच पडू देतो. माळीकाका म्हणायचे "ताई, साप येईल हो", आणि त्यांची भीती अगदीच चुकीची नाही, म्हणून ढीग घराच्या भिंतीपासून चांगला लांब ठेवलाय. पण त्या पाल्यात किडे, गोगलगायी, गांडुळं होतात आणि तेच खायला चिचुंद्री येते. तिला लोक उंदीर समजून मारतात याचं मला फार वाईट वाटतं, ती उंदराच्या जातीची नाहीच, किडे खाणारी आहे, झुरळंसुद्धा खाते! लांब टोकदार नाक, बारीक डोळे, कायम भिंतीच्या कडेकडेने चिकचिक करत पळणार. एकदा संध्याकाळी पिल्लं घेऊन चाललेली दिसली, पहिल्या पिल्लाने आईच्या शेपटीच्या बुडाशी तोंडात धरलेलं, दुसऱ्याने पहिल्याला, तिसऱ्याने दुसऱ्याला, अशी आगगाडी कुंडीला वळसा घालून गेली, मधलं एक कुंडीला धडकलं तरी कुणी पकड सोडली नाही. मी तिथेच खाली बसून बघत राहिले.

आणि प्लीज प्लीज उंदरांसाठी विषाच्या वड्या ठेवू नका. त्यात बहुतेक वेळा ब्रोमॅडिओलोन असतं, त्याने रक्त गोठायचं थांबतं आणि उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस गुंगल्यासारखा फिरतो, मग असला आयता उंदीर मुंगूस नाहीतर घुबड खातं आणि ते विष त्यांच्या पोटात जातं. म्हणजे जे फुकटात उंदीर कमी करतात त्यांनाच आपण मारतो. मुंगसाच्या जिवावर आधीच कमी संकटं आहेत का, पेंटिंगच्या ब्रशला केस हवेत म्हणून चोरून शिकार होते त्याची, १९७२च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण असूनसुद्धा. आम्ही उंदरांसाठी पिंजरा लावतो आणि धान्य डब्यात घट्ट बंद ठेवतो, बास.

खायला मात्र काही घालायचं नाही. ब्रेड, बिस्कीट, फरसाण तर अजिबातच नाही, त्यांचं ते बघतात. पाणी ठेवा, पसरट मातीच्या थाळीत, मध्ये एक दगड घालून आणि रोज घासून. कंपाउंडला खाली पाणी जायचं भोक असतं ना, ते जाळी ठोकून बंद करू नका, मुंगसाचा रस्ता तोच असतो. हौद किंवा टाकी उघडी असेल तर आत एक खरखरीत फळी तिरकी सोडून ठेवा, उन्हाळ्यात खारी पाणी प्यायला उतरतात आणि गुळगुळीत भिंतीवरून त्यांना वर येता येत नाही.

खारीचं पिल्लू खाली पडलेलं सापडलं तर गायीचं दूध पाजू नका, खोक्यात कापडावर ठेवून त्याच झाडाखाली ठेवा, मांजराकडे लक्ष ठेवा आणि लांब उभे राहा, आई बऱ्याचदा येऊन तोंडात धरून नेते. जखमी असेल किंवा आई आलीच नाही तर वनखात्याच्या १९२६ हेल्पलाइनला फोन करा.