बॅजवर आलेले ११.६ मिलिसिव्हर्ट

एक्स-रे विभागात सहा वर्षं झाली होती, पण टीएलडी बॅजचा, म्हणजे अंगावर किती किरण पडले ते मोजणाऱ्या बॅजचा, तिमाही रिपोर्ट मी कधी मागून घेतला नव्हता, आणि कुणी दाखवलाही नव्हता. त्या दिवशी आमचे आरएसओ (किरणांपासूनच्या सुरक्षेचे अधिकारी), म्हणजे रेडिओलॉजिस्ट सर, केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "दार लावून घे." माझ्या नावापुढे ११.६ मिलिसिव्हर्ट (किरणांच्या डोसचं माप) होते.

तिमाहीत १० च्या वर आकडा गेला की चौकशी करून अणुऊर्जा नियामक परिषदेला अहवाल द्यावा लागतो. एका वर्षाची मर्यादा ३०, पाच वर्षांची सरासरी वर्षाला २०. म्हणजे मी मर्यादेत होते. पण आम्ही त्या वर्षी बाळाचा विचार करत होतो. रात्री झोप लागेना.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून टाइप केलेला कागद सहीला आला : 'बॅज वापरताना माझ्याकडून निष्काळजीपणा झाला.' मी सही केली नाही. म्हटलं, "सर, आधी काय घडलं ते शोधू या." सर माझ्या बाजूने उभे राहिले, हे मी विसरणार नाही.

बॅजमधल्या तीन चकत्यांवरून किती डोस पडला ते कळतं, फिल्टरमुळे किरण कसले होते याचा अंदाजही येतो. पण बॅज तेव्हा छातीवर होता की खुंटीवर, ते कळत नाही. म्हणून एक्स-रेचं रजिस्टर, ड्युटीचा तक्ता आणि माझे रजेचे अर्ज घेऊन बसलो. सासऱ्यांच्या ऑपरेशनसाठी मी नऊ दिवस गावी होते. नेमकी त्याच दिवसांत एका कारखान्याच्या कामगारांची तपासणी झाली होती. छातीचे दोनशेच्या वर एक्स-रे. माझा लेड ॲप्रन (किरण अडवणारा शिशाचा ॲप्रन) छातीचा एक्स-रे काढायच्या स्टँडशेजारच्या खुंटीवर, बॅज त्याच्या खिशाला बाहेरून. बदलीवरच्या टेक्निशियनने कोलिमेटर, म्हणजे किरणांचा झोत आवळणारा भाग, पूर्ण उघडा ठेवलेला. झोत थेट खुंटीपर्यंत पोचत होता.

बॅज ॲप्रनच्या आत, छातीवर लावायचा आणि काम संपलं की जिथे किरण पोचत नाहीत तिथे ठेवायचा. मी तो खोलीत सोडला, ही माझी चूक. जबाबात तसं लिहून दिलं. पण ठेवायची जागा नेमून दिलेली नव्हती, सहा वर्षांत एकही प्रशिक्षण झालं नव्हतं. २००४ च्या किरणोत्सर्ग संरक्षण नियमांत बॅज पुरवणं, सूचना आणि प्रशिक्षण देणं ही नोकरी देणाऱ्याची जबाबदारी आहे. "हेही अहवालात यायला हवं," असं मी लेखी दिलं. व्यवस्थापनाने दोन आठवडे टोलवाटोलवी केली. तोवर मी नोंदणीच्या खिडकीवर काम करत होते. शेवटी दोन्ही गोष्टी अहवालात गेल्या, आणि तो डोस माझ्या शरीराला मिळालेला नाही, हे मान्य झालं.

आता कंट्रोल बॅज (तुलनेसाठी किरणांपासून दूर ठेवलेला बॅज) ठेवतो त्या ऑफिसच्या खोलीत प्रत्येकाच्या नावाचा हुक आहे. दर तिमाहीच्या रिपोर्टची प्रत मी फाइलला लावते.

पुढच्या वर्षी दिवस राहिले. गरोदरपण कळवल्यानंतर पोटातल्या बाळासाठी १ मिलिसिव्हर्टची मर्यादा असते. सरांनी त्याच दिवशी मला सी-आर्मच्या, म्हणजे ऑपरेशन चालू असताना वापरायच्या एक्स-रे यंत्राच्या, ड्युटीतून काढलं. त्या वेळी गरोदरपण कळवणारा सहीचा कागद मी स्वतः टाइप करून नेला होता.