मार्कशीटवर पुढे, मजुरीत मागे

आज वेंगुर्ल्याजवळच्या एका काजू कारखान्यात जाणे झाले. बॉयलरपाशी पुरुष, महिन्याच्या पगारावर; बी फोडणाऱ्या आणि साल काढणाऱ्या सगळ्या बायका, किलोच्या हिशोबाने. टरफलाच्या तेलाने त्यांची बोटे नखांपर्यंत काळवंडलेली होती. 1976 साली आलेल्या समान वेतन कायद्याने समान कामाला समान मोबदला बंधनकारक केला खरा, पण कामच आधी वाटून टाकले, तर तुलना करायची कशाशी?

त्यांतल्या एका काकूंची मुलगी बारावी सायन्सला उत्तम गुणांनी पास झाली आहे. थोरला भाऊ पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. हिला मात्र ‘लांब नको’ म्हणून जवळच्या कॉलेजात बी.ए.ला घालायचे ठरते आहे. मला याचे फार वाईट वाटले. 2021-22 च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात विज्ञान शाखेत मुली मुलांपेक्षा जास्त होत्या, इंजिनिअरिंगमध्ये मात्र बऱ्याच कमी. कमाईतला फरक असा शाखा निवडतानाच सुरू होतो. पुढे पहिल्या अपत्यानंतर तो कसा रुंदावतो, हे क्लॉडिया गोल्डिन यांनी अमेरिकेतील आकडेवारीवरून दाखवले. त्यांना 2023 चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

दापोलीजवळच्या मुरूडचे महर्षी कर्वे यांनी 1916 साली महिला विद्यापीठ काढले, त्यांच्याच कोकणात आजही मुलीचे अंतर मोजले जाते. राज्य सरकारने 2024 पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या पात्र कुटुंबांतील मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली आहे, हे काकूंना ठाऊकच नव्हते. आता अडचण उरते ती राहण्याची. पुण्यात मुलींचे स्वस्त, खात्रीचे वसतिगृह कुणाला माहीत असल्यास कृपया कळवावे.