नग लांब येतोय की आखूड?

रबाळे एमआयडीसीतल्या एका गाळ्यात न्यूमॅटिकच्या, म्हणजे दाबाच्या हवेच्या, कामाला लागणारी पीयू (पॉलियुरेथेन) नळी मापात कापून पुरवतात. बाहेरचा व्यास ८ मिमी, नगाची लांबी ५०० मिमी, टॉलरन्स अधिक-उणे १ मिमी. तक्रार अशी होती की बहुतेक नग चोख येतात, पण मधेच एखादा ५०३ मिमीचा निघतो. कधी आठ नगांनी, कधी दहा, कधी थेट सोळा-सतरा नगांनी. गिऱ्हाइकाने एक अख्खा लॉट परत पाठवला, तेव्हा आम्हाला बोलावणं आलं.

मशीन साधं आणि नीट बांधलेलं होतं. अर्धा हॉर्सपॉवरची मोटर व्हीएफडीवर (मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या ड्राइव्हवर), तिच्यावर नळी ओढणारे दोन रबरी रोलर, पुढे नळीवर स्प्रिंगने दाबलेलं २०० मिमी परिघाचं मोजणीचं चाक आणि त्या चाकावर एका फेऱ्याला ६०० विजेचे पल्स देणारा एन्कोडर. शेवटी हवेच्या सिलेंडरवर पातं. नळी आधी सेकंदाला ४०० मिमी वेगाने सरकते, शेवटच्या टप्प्यात ४० मिमीवर येते, थांबते, पातं पडतं. हे सगळं रास्पबेरी पाय पिको या छोट्या कंट्रोलर बोर्डवर मायक्रोपायथनमध्ये, म्हणजे पायथनच्या छोट्या अवतारात, चालत होतं. प्रोग्राम तिथल्याच फिटरने लिहिलेला. आयटीआय झालेला मुलगा, पायथन मोबाइलवर बघून शिकलेला. पण प्रोग्राम वाचताना कुठे अडखळायला झालं नाही: लांबी, नगसंख्या, दोन वेग, सगळे आकडे वर एका ठिकाणी, प्रत्येक कामाचं वेगळं फंक्शन. पीएलसीचा, म्हणजे कारखान्यातल्या नेहमीच्या कंट्रोलरचा, लॅडर प्रोग्राम दुसऱ्याने उघडला तर तो समजायलाच अर्धा दिवस जातो. इथे मालकही वाचून सांगू शकत होते की मशीन आता काय करणार आहे. नवशिक्याला जमणारी भाषा कारखान्यात आणण्याचा खरा फायदा मला हाच वाटतो.

"सर, एन्कोडर बदलून बघू का? नवा आणून ठेवलाय," फिटर म्हणाला.

"थांब. आधी आखूड निघालेला एक तरी नग दाखव."

बाद मालाच्या क्रेटमधले नग पट्टीला लावून बघितले. एकही आखूड नव्हता. सगळे लांब, आणि सगळे अडीच ते तीन मिमीने.

पार्ट बदलण्याआधी एवढं बघितलं तर पुढचं अर्धं काम वाचतं. मशीन पल्स मोजून थांबतं. नग लांब आला म्हणजे काही पल्स मोजायचे राहिले. आखूड आला म्हणजे नसलेले पल्स मोजले गेले. नॉइज, म्हणजे तारेत बाहेरून शिरणारे खोटे सिग्नल, असेल तर जादा पल्स येतील आणि नग आखूड होईल. चाक नळीवर घसरत असेल तर नग लांब होईल, पण मग फरक रोज वेगळा दिसेल, तीन मिमीवर अडून राहणार नाही. तरीही यांत्रिक बाजू आधी तपासून घेतली, कारण तिला दहा मिनिटंच लागतात. चाकावर मार्करने खूण केली, नळी हाताने ओढून चाकाचे दहा फेरे केले आणि सरकलेली नळी स्टीलच्या टेपने मोजली. बरोबर २००० मिमी. चाक निर्दोष.

आता तीन मिमीचा हिशेब. एन्कोडरच्या ए आणि बी या दोन्ही लाइनींच्या चढत्या आणि उतरत्या कडा, म्हणजे सिग्नल वर जाण्याचे आणि खाली येण्याचे क्षण, प्रोग्राम मोजत होता, म्हणजे एका फेऱ्याला २४०० कडा, एका कडेला ०.०८३ मिमी. तीन मिमी म्हणजे ३६ कडा. ४०० मिमीच्या वेगात सेकंदाला ४८०० कडा येतात, म्हणजे ३६ कडा जाण्याइतका वेळ होतो साडेसात मिलिसेकंद. तेवढा वेळ प्रोग्रामचं मोजणीकडे लक्ष नसणार. मग प्रश्न एवढाच उरला की पिको साडेसात मिलिसेकंद कशात गुंतलेला असतो.

मायक्रोपायथनमध्ये मेमरी आपण हाताने घेत-सोडत नाही. डिस्प्लेवर आकडा दाखवायला अक्षरांची ओळ बनते, ती पाठवायला छोटे छोटे बाइटचे तुकडे बनतात, वापरून झाले की तिथेच पडून राहतात. पिकोची रॅम सगळी मिळून २६४ किलोबाइट. प्रोग्रामच्या वाट्याची भरत आली की भाषा स्वतःच थांबून साफसफाई करते, यालाच गार्बेज कलेक्शन म्हणतात. ती कधी करायची हे आपण सांगितलं नाही तर तिची ती ठरवते. या मशीनवर नळी पळत असताना दर अर्ध्या सेकंदाला डिस्प्लेवर चालू लांबी लिहिली जात होती. म्हणजे सगळ्यात जास्त कचरा नेमका नळी पळताना होत होता आणि साफसफाईची पाळीही बहुतेक वेळा तेव्हाच येत होती. कधी ती पातं पडताना यायची, तेव्हा मोजायला काहीच नसायचं आणि नग बरोबर निघायचा. आठ, दहा, सोळा या विचित्र अंतरांचं कारण हेच.

साफसफाईच्या आधी आणि नंतर मायक्रोसेकंदाचं घड्याळ वाचणाऱ्या दोन ओळी टाकल्या. वेळ निघाला सात ते आठ मिलिसेकंद.

पिन बदलली की हातातलं काम थांबवून मोजायला लावणारा इंटरप्ट लावलाय, मग कडा सुटतात कशा, असा फिटरचा रास्त प्रश्न होता. पिकोवरच्या मायक्रोपायथनमध्ये पिनचा इंटरप्ट वेगळं काही सांगितलं नाही तर 'सॉफ्ट' असतो. कड आली की तुमचं फंक्शन लगेच चालत नाही, त्याची नोंद रांगेत लागते. रांगेत आठ नोंदी मावतात, नववी टाकून दिली जाते. आणि ज्या आठ राहतात त्यांची पाळी येईपर्यंत पिनची स्थिती बदललेली असते, म्हणून त्यांचाही उपयोग नाही. इंटरप्ट 'हार्ड' करता येतो. पण मग त्या फंक्शनमध्ये नवी मेमरी लागेल असं काहीही लिहिता येत नाही, साधी दशांशातली बेरीजही चालत नाही. नवशिक्या माणूस सहा महिन्यांनी तिथे एक ओळ वाढवणार आणि मोजणी भर उत्पादनात एरर देऊन बंद पडणार.

निदान पक्कं करायला दोष मुद्दाम आणून बघितला. नळी पूर्ण वेगात असताना प्रत्येक नगाला एकदा साफसफाईचा हुकूम दिला. लागोपाठ सगळे नग ५०३ च्या आसपास आले. मग डिस्प्लेचं लिहिणं बंद करून तो हुकूम पातं पडण्याच्या वेळी दिला. सगळे नग बरोबर. मालक म्हणाले, "मग झालं की, एवढंच ठेवा." तेवढ्यावर उत्पादन सुरू झालं असतं हे खरं, पण मोजणी तशीच नाजूक राहिली असती. उद्या कोणी डिस्प्ले परत लावला, नाहीतर हिशेबाची फाइल लिहायला घेतली, की दुखणं पुन्हा वर आलं असतं.

पिकोच्या चिपमध्ये पीआयओ नावाचे आठ छोटे स्वतंत्र यंत्रभाग असतात, चार-चारच्या दोन गटांत, आणि एका गटाला मिळून ३२ सूचनांची जागा. प्रत्येकाला पाच-सात सूचनांचा प्रोग्राम देता येतो आणि तो पायथनकडे न बघता आपल्या ठेक्यात चालत राहतो. तो प्रोग्रामही पायथनच्याच फाइलमध्ये लिहिता येतो. नळी एकाच दिशेने सरकते, म्हणून दोन्ही लाइनींची गरज नव्हती. ए लाइनच्या फक्त चढत्या कडा घेतल्या: एका पल्सला ०.३३३ मिमी, ५०० मिमीला १५०० पल्स. पहिला पीआयओ पायथनकडून आकडा घेतो, मोटरची पिन चालू करतो, लाइन खाली जाण्याची आणि वर येण्याची वाट बघत एकेक कमी करतो, शून्याला पोचला की पिन स्वतःच बंद करतो. इथे एक खाच आहे: कमी करणारी सूचना आधी शून्य आहे का ते बघते आणि मग कमी करते, म्हणून १५०० पल्ससाठी १४९९ द्यायचे.

दुसरा पीआयओ तीच लाइन वाचतो आणि १३२० पल्सवर, म्हणजे ४४० मिमीला, पायथनला खबर देतो. वेग कमी करायचं काम मुद्दाम पायथनकडेच ठेवलं. साफसफाई आडवी आली आणि आठ मिलिसेकंद उशीर झाला तरी तेवढ्यात नळी जेमतेम तीन मिमी जाते आणि हाताशी ६० मिमी असतात. उशीर कुठे चालतो आणि कुठे चालत नाही, हे कागदावर मांडलं की कोणतं काम कोणाकडे द्यायचं ते आपोआप दिसतं. पीएलसीतही वेगळं काही नसतं. लॅडरचा स्कॅन काही मिलिसेकंदांचा असतो, म्हणूनच एन्कोडर हाय-स्पीड काउंटरच्या खास इनपुटला जोडतात. पायथन हळू म्हणून मशीनला चालत नाही, असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

मोजणी पीआयओकडे गेली आणि दुखणं उलटं फिरलं. लांब नग बंद झाले आणि आखूड यायला लागले: ४९७, ४९१, एखादा ४८८, कशाचा मेळ नाही. जादा पल्स, म्हणजे नॉइज. एन्कोडरची केबल मोटरच्या केबलबरोबर एकाच डक्टमधून आली होती आणि व्हीएफडीची मोटर केबल म्हणजे नॉइजची खाण. हा नॉइज आधीही होताच. पण दोन्ही लाइनी बघणाऱ्या जुन्या मोजणीत एका लाइनवर खोटी टोच, म्हणजे क्षणभराचा खोटा पल्स, आली की एक वाढायचा आणि लगेच एक कमी व्हायचा, बेरीज शून्य. एका लाइनवर मोजणाऱ्या पीआयओला ही सोय नाही, शिवाय तो १२५ मेगाहर्ट्झवर चालत असल्याने मायक्रोसेकंदाच्या आतली टोचही त्याला दिसते.

यावर चार गोष्टी केल्या. एन्कोडरची केबल वेगळ्या मार्गाने घेतली आणि शील्ड फक्त पॅनलच्या टोकाला अर्थ केली. एन्कोडर एनपीएन ओपन कलेक्टर होता, म्हणजे तो लाइन फक्त खाली ओढतो; ती वर खेचायला चिपच्या आतला पुल-अप रेझिस्टर लावला होता, तो ५० ते ८० किलोओहमचा, म्हणजे फारच दुबळा. तिथे बाहेरून २.२ किलोओहम लावला, आणि तो ३.३ व्होल्टलाच. पिकोच्या पिनला ५ व्होल्ट सोसत नाहीत. पिनच्या आधी १ किलोओहम रेझिस्टर आणि पिनवरून ग्राउंडला २२ नॅनोफॅरडचा कपॅसिटर. खरा पल्स ४०० मिमीच्या वेगातही अर्धा चक्र ४१६ मायक्रोसेकंद टिकतो, या फिल्टरला चढायला साधारण ७० लागतात, म्हणजे खरा पल्स जातो आणि टोच अडते. शेवटी पीआयओचा वेग ५० किलोहर्ट्झवर आणला. यातलं केबल आणि पुल-अप हेच मोठं काम होतं. त्यानंतर नग अर्ध्या मिमीच्या आत यायला लागले. मोटरची पिन बंद झाल्यावर नळी १.३ मिमी पुढे जात होती, पण ४० मिमीच्या वेगात हा फरक दर वेळी तेवढाच राहतो, म्हणून १४९९ मधून चार पल्स वजा करून १४९५ ठेवले.

पॅनल उघडलंच होतं, म्हणून सुरक्षेचंही काम करून घेतलं. इमर्जन्सीचं बटण पिकोच्या पिनला जोडलेलं होतं. ते काढलं. त्याचा एनसी (एरवी जोडलेला, बटण दाबलं की तुटणारा) कॉन्टॅक्ट आता व्हीएफडीच्या रन सिग्नलमध्ये सिरीजमध्ये आहे, दुसरा कॉन्टॅक्ट मेन कॉन्टॅक्टर पाडतो आणि हवा सोडून देतो. पात्याच्या गार्डचा स्विच पात्याला हवा देणाऱ्या सोलेनॉइडच्या २४ व्होल्टमध्ये सिरीजमध्ये. बोट कापू शकेल अशा कोणत्याही गोष्टीत प्रोग्राम मधे असता कामा नये, मग तो पायथनचा असो की पीएलसीचा.

लो सिग्नलवर चालू होणारं रिले बोर्ड काढून यूएलएन २००३ ही हाय सिग्नलवर रिले चालवणारी चिप बसवली. पिकोच्या पिना सुरू होताना पुल-डाउनवर, म्हणजे लो, असतात, त्यामुळे आता वीज आल्याक्षणी सगळे रिले बंदच राहतात. नळी संपली तर पल्स येत नाहीत आणि पीआयओ मोटर चालू ठेवून वाट बघत बसेल, म्हणून नग चार सेकंदांत पूर्ण झाला नाही तर पायथन मोटर बंद करतो. त्यावर दोन सेकंदांचा वॉचडॉग, म्हणजे प्रोग्राम अडकला तर पिको रीसेट करणारा टायमर. थॉनीमध्ये (ज्यात प्रोग्राम लिहितात त्या सॉफ्टवेअरमध्ये) स्टॉप दाबलं की प्रोग्राम थांबतो पण पिना होत्या तशाच राहतात, हे फिटरला प्रत्यक्ष करून दाखवलं. आता सगळा प्रोग्राम 'ट्राय' आणि 'फायनली'मध्ये आहे आणि प्रोग्राम थांबवला किंवा एरर आली तरी चालणाऱ्या 'फायनली'त सगळे आउटपुट बंद होतात.

डिस्प्लेवर चालू लांबी पुन्हा दिसते. आकड्यांच्या यादीत एकाची भर पडली आहे: मीटरला किती पल्स, आत्ता ३०००. चाकाचं रबर त्रिज्येत ०.१ मिमी झिजलं तरी परिघ ०.६३ मिमीने कमी होतो आणि ५०० चा नग दीड मिमीने आखूड येतो. म्हणून फिटर महिन्यातून एकदा दहा फेऱ्यांची तीच चाचणी करतो आणि टेप २००० सोडून जे दाखवेल त्यावरून तो आकडा बदलतो.